इतिवृत्त

महिन्याचा दुसरा मंगळवार. संध्याकाळी सात.
नॉर्थ डकोटातल्या आमच्या एवढ्याशा गावात
शाळेच्या ग्रंथालयात बोर्ड बसतं,
तिसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला लावून.

लाइल हेगस्टाड, अध्यक्ष, बुटांवरचा बर्फ अजून वितळतोय.
आर्डिस ट्वाइट, पोस्ट बंद करून थेट इकडे.
व्हर्लिन आणि त्याची वहिनी, गेल्या उन्हाळ्यापासून
कुंपणावरून एकमेकांशी न बोलणारे,
इथे मात्र "सन्माननीय सदस्य".
रॉयसचा निरोप: गाय अडली आहे, येत नाही.
चार म्हणजे गणपूर्ती झाली.

मी कोपऱ्यात. मला मत नाही.
मला वही आहे, आणि बावीस वर्षं.

विषय एक: मागचं इतिवृत्त. कायम.
विषय दोन: बॉयलर आणखी एक हिवाळा काढेल का?
हो म्हणायला कोणी धजेना,
नाही म्हणायला पैसे नव्हते.
विषय पुढे ढकलला. बॉयलर भिंतीपलीकडे खोकला.

शाळेच्या वाढीव कराचा कौल नोव्हेंबरात पडला, नऊ मतांनी.
ते नऊ जण कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक,
आणि रविवारी चर्चमध्ये
त्यांच्याच शेजारी बसायचं असतं.

विषय तीन: बस क्रमांक तीन.
अडतीस मैल जायचे, अडतीस यायचे,
आता फक्त एका मुलीसाठी.
फेरी बंद करावी, असा ठराव. सूचक: लाइल.
त्याने आकडे वाचले, मान वर न करता.
आकडे बरोबर होते. मीच टाइप केले होते.

मग नागरिकांचं म्हणणं. प्रत्येकी तीन मिनिटं.
वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं;
मान पिरगळली की टिकटिकायला लागतं.

मारिसेला फुनेस उभी राहिली, दूध-डेअरीचे रबरी बूट घालून.
शेजारी तीच ती एक मुलगी, दहा वर्षांची, दुभाषी.
आई लांबलचक बोलायची, मुलगी थोडक्यात सांगायची.
"ती म्हणते, पहाटे चारपासून तिचा गोठा असतो."
"ती म्हणते, गाडी एकच आहे आणि ती बाबा नेतात."
"ती म्हणते..."
आई थांबली होती. मुलगी गप्प.
आईने कोपराने ढोसलं.
"ती म्हणते, मी हुशार आहे," मुलगी म्हणाली
फरशीकडे बघत.

तेवढ्यात कोंबडी किर्रकिर्र वाजली.
लाइलने हात लांब केला,
कोंबडीची मान पुन्हा पूर्ण पिरगळली,
आणि काही न बोलता खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. उणे अठरा, आणि अंधार.

मतदान.
लाइल: बंद करावी. (आकडे बरोबर होते.)
व्हर्लिन: बंद करावी.
आर्डिस: नाही.
वहिनी: नाही. आणि हे म्हणताना तिने व्हर्लिनकडे पाहिलंसुद्धा.
दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली की ठराव पडतो.
बस चालू राहिली
रॉयसच्या एका गायीमुळे.

पैसे कुठून येणार, कोणी विचारलं नाही.
ते पुढच्या महिन्यात विचारतील. विचारायलाच हवं.
ऐनवेळचे विषय: नाहीत. सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
खुर्च्या उलट्या करून टेबलांवर आम्हीच ठेवल्या.

घरी येऊन मी लिहिलं:
एक नागरिक बोलल्या. वेळ, तीन मिनिटं.

मार्चचा दुसरा मंगळवार.
मी मोठ्याने वाचलं, शब्द न शब्द.
"दुरुस्ती?" लाइलने विचारलं.
आर्डिस कॉफी ढवळत बसली, केव्हाची विरघळलेली साखर.
व्हर्लिनने खोकून घेतलं.
रॉयसला काहीच माहीत नव्हतं, त्याने सगळ्यात आधी हात वर केला.

पाचही हात वर.
वर्षभरात एवढ्या एकाच गोष्टीवर
बोर्डाचं एकमत झालं.
लाइलने खाली सही केली, जरा दाबूनच,
पुढच्या कोऱ्या पानावरही उमटली.