पहार

माझगावात, आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर
चौबळांच्या खोलीतून किंकाळी आली तेव्हा
मी गोदीतली पहार घेऊन धावलो.
कुणाला विचारलं नाही.
विचारायला वेळ कुठे होता?
दोन घावांत कडी तुटली.

तो तिच्या छातीवर बसला होता.
चौघांनी ओढून काढला.
हे बरोबरच होतं. आजही म्हणेन.

पण मग आम्ही तिथेच रेंगाळलो.
जनूने फळीवरचे डबे उघडून पाहिले,
कुणी पंखा लावला,
कुणी चहा टाकायला सांगितला,
तिलाच.

आता टीव्हीवर एक देश दुसऱ्यात शिरतोय.
नातू विचारतो, आजोबा, असं चालतं का?
मी एकाहत्तरचं सांगायला तोंड उघडतो,
गोदीतल्या तिन्ही पाळ्या, बोटींना मारलेला करडा रंग,
आणि शालन चौबळ समोर येते,
फुटका ओठ पदराने दाबून,
हातात उखडलेली बिजागरी:
"उपकार झाले, भाऊ.
पण आज रात्री
मी आतून काय लावू?"

पहार अजून पलंगाखाली आहे.
गंजू दिलेली नाही.
दर दसऱ्याला तिला झेंडू वाहतो
आणि दोन्ही हात
नीट जुळत नाहीत.