शेवटच्या सीटमागचं बटण

तू नवी आहेस, लतिका, म्हणून सांगते.
शाळेच्या बसमध्ये शेवटच्या सीटमागे एक बटण असतं.
फेरी संपली की मागपर्यंत चालत जायचं,
प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं,
मग ते दाबायचं. नाही दाबलं तर बस बोंबलते.
शारजाचं ऊन. झोपलेलं पोर आत राहिलं
तर तासाभरात बसची भट्टी होते.
ट्रेनिंगमध्ये एवढंच शिकवतात.
जागं पोर मागे राहिलं तर कसं ओळखायचं
ते नाही शिकवत.

झैद परकार. बारावी सायन्स. अल नहदाचा तिसरा स्टॉप.
मूळ दाभोळकडचे, बाप जेबेल अलीत गोदामात.
आधी पायरीवरूनच बडबड :
गुलबदिनचाचा, रेडिओ बिघडलाय
की गाणंच तसं आहे?
नोव्हेंबरात ती आटली.
मी म्हटलं, वय आहे. परीक्षा आहे.
मग पुढची जागा सोडून तो मागे गेला.
मग डबा तसाच परत जायला लागला,
दप्तर हातात घेतलं की वजनावरनं कळतं.
शर्टाची बटणं खालीवर,
डोळे रात्रभर उघडे ठेवल्यासारखे,
आणि एकदा, काचेलाच सांगावं तसं :
"माझ्या फीच्या पैशात अब्बांचं गावचं घर झालं असतं."
मी हसले.
काय बोलावं सुचलं नाही की माणूस हसतं.

एकेक सुटं दिसतं गं.
तांदळातला एक खडा कोण मोजतो,
दाताखाली येईस्तोवर?

गुरुवारी तो हसत चढला.
कडक इस्त्री, केस नीट विंचरलेले.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
मग तिसरीतल्या मिन्नूला त्यानं
आपला कॅल्क्युलेटर दिला, तो महागातला.
"ठेव. तुलाच."
बोर्डाच्या परीक्षेला वीस दिवस होते.

तिथं माझ्या पोटात काहीतरी खाली बसलं.
दिगूनं, माझ्या धाकट्या भावानं,
असंच हसत मला त्याचं घड्याळ दिलं होतं.
मी ते लावून गुहागरभर मिरवले.
नऊ दिवस.

झैदच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं,
"जीव द्यावासा वाटतो का रे तुला?"
असंच. शब्द गाळला नाही.
लोक म्हणतात, विचारलं की मनात भरतं.
ते आधीच भरलेलं असतं, लतिका,
फक्त बाहेर यायला दार नसतं.
एक सिग्नल गेला. दुसरा गेला.
राउंडअबाउटला त्यानं मान हलवली,
इतकी कमी, की बसच्या हिसक्यानं हलली म्हणावी.
मी हिसक्यावर ढकललं नाही.

त्याला एकट्याला उतरू दिलं नाही.
काउन्सेलर मॅडमच्या दारापर्यंत नाही, आत गेले,
आणि बसून राहिले.
बटण दाबायचं विसरले. बस आवारात बोंबलत होती,
गुलबदिननं दाबलं.
दुसरी फेरी चुकली, कंपनीनं दिवस कापला.
बाप आला तो हेल्मेट हातात घेऊन.
वाटलं, आता हा ओरडणार.
तो मुलासमोर उकिडवा बसला
आणि त्याच्या बुटाची नाडी बांधायला लागला.
सुटलेली नव्हती.

पुढे हॉस्पिटल, गोळ्या, बारावी पुन्हा पुढल्या वर्षी.
एप्रिलात तो परत बसमध्ये आला.
मिन्नूनं कॅल्क्युलेटर परत केला,
पाठीला फुलपाखराचा स्टिकर लावून.
त्यानं तो काढला नाही अजून.

बरा झाला असं मी म्हणत नाही.
काही दिवस अजून मागेच बसतो.
मी जाऊन विचारते.
परवा म्हणाला, "आंटी, आज नको ना."
म्हटलं, "बरं. उतरताना विचारते."