स्पूलर

उदगीर, नळेगाव रोड, रात्रीचे पावणेबारा.
दुकानाचं शटर अर्धं खाली,
मी काहीच करत नाही
तरी कॉम्प्युटरचा पंखा घरघरायलाय.

टास्क मॅनेजर उघडला,
तर आत गावभरची वस्ती:
एकाच नावाचे अकरा जण,
कुणी तीन टक्के खातो, कुणी नुसताच बसून.
यातल्या एकालाही मी बोलावलं नव्हतं.

मागं एकदा असाच एक अनोळखी
चोर समजून बंद केला.
सकाळी स्कॉलरशिपच्या पोरी रांगेत
अन् प्रिंटर गप्प, कागद तोंडात धरून.
दुपारी कळलं,
एकेक कागद पुढं सरकवणारा तोच होता.

म्हणून आता आधी विचारतो:
कुठल्या फोल्डरातला तू? कुणाचा?
वहीत लिहून ठेवतो, शाईनं.
सात ओळखीचे झालेत.
एकापुढं अजून प्रश्नचिन्ह.

बाहेर खट् आवाज झाला.
रस्त्यात वाकून कुणीतरी
लांब चावीनं व्हॉल्व्ह फिरवायलंय.
आठव्या दिवसाचं पाणी.
नऊ वर्षं हे पाणी भरतोय मी;
शटर उचलून पहिल्यांदाच विचारलं,
नाव काय हो तुमचं?

"खाजापाशा," म्हणाला, हात न थांबवता.
"बादली लावा आधी."