एकोणसत्तर

माझे शंभर मीटर म्हणजे एकोणसत्तर पावलं.
फक्त डावी मोजायची, उजवी आपोआप येतात मागून.
शंभर झाले की दोरीला एक गाठ.
मिझुरीतलं ओकचं रान, रात्रीचे पावणेदहा,
हातात होकायंत्र, कपाळावर लाल दिवा
आणि कॉलरच्या आत चढत चाललेलं काहीतरी,
ज्याच्याकडे बघायला आत्ता वेळ नाही.

आकडे मी मराठीत मोजते.
इंग्रजीत मोजले की वाटतं, दुसरंच कुणी चालतंय.
सेंट लुइसच्या स्वयंपाकघरात आईने शेंगदाणे मांडून शिकवलेले :
एकोणसाठ म्हणजे साठ होता होता राहिलेले.
मग एकाची वाट का नाही बघत, मी विचारायचे.
ती तो एक खाऊन टाकायची.

एरवी रोलामध्ये सहाला पळणं,
आठला थर्मोडायनॅमिक्स, ओल्या केसांनी.
गुरुवारी गणवेश. त्या दिवशी शेजारची खुर्ची
जरा उशिरा भरते.
छातीवर नुसतं आडनाव : उकिडवे.
सार्जंट ओकाफोर त्याचे तीन उच्चार करतात,
तिन्ही चुकीचे, तिन्ही मोठ्याने.
अर्थ इथे कुणालाच ठाऊक नाही;
बैठका मारताना मला एकटीला हसू येतं
आणि त्याच्या वीस जास्तीच्या.

सोमवारी सही करायची आहे. आठ वर्षं.
बाबा फोनवर म्हणाले, फीचंच असेल तर मी रात्रपाळी घेतो.
फीचंच होतं, पहिल्या वर्षी.
आता काय आहे ते मराठीत सांगता येत नाही,
आणि इंग्रजीत सगळं आधीच
कुणीतरी माहितीपत्रकात छापून ठेवलंय.

ओढ्यापाशी दिवा दिसला. विझला. दिसला.
टॉलिव्हर. पहिलं वर्ष. गुडघाभर पाण्यात
फॉर्टी, फॉर्टी, फॉर्टी म्हणत उभा.
बोलायचं नाही हा नियम. मदत केली की दोघंही बाद.
माझे त्रेपन्न झाले होते.
पाचवा खुंट कुठेतरी डावीकडे, दीड गाठीवर.

मी वळले, रस्त्याच्या दिशेने,
आणि पहिल्यापासून मोजायला लागले. मोठ्याने.
एक. दोन. तीन.
ह्यात कुठे काय सांगितलं मी कुणाला?
अठ्ठावीसच्या सुमाराला मागे पाला वाजला.
एकोणचाळीसला त्याचा डावा माझ्या डाव्याशी जुळला.

रस्त्याची खडी लागली.
ओकाफोरनी कार्ड बॅटरीखाली धरलं. एक कमी.
येस, सार्जंट.
कोण बोलत होतं?
कुणी नाही. मोजत होते.
त्यांनी टॉलिव्हरची ओली पँट पाहिली,
काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

व्हॅनमध्ये मानेवर गोचीड निघाली.
हलू नकोस, टॉलिव्हर म्हणाला,
चिमटा त्याच्या हातात थरथरत होता,
आणि तो ओठांतल्या ओठांत, वाईट उच्चारांत
एक, दोन,