सोळा दिवस

या देशात एकही नदी नाही
आणि मला पगार नद्यांचा मिळतो.
कुवेत, शर्क, सातवा मजला. पडदे ओढलेले.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आणि नळाला येतं ते
कालपर्यंत समुद्र होतं.
मी मात्र दिवसभर
बसऱ्याच्या खालच्या वळणावर बसलेली.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
मूळ नाहीच शोधत मी. तिची पावलं शोधते.
सत्त्याऐंशीत कुठे होती, ब्याण्णवला कुठे,
कुठला काठ कुरतडत गेली,
कुठल्या काठाला मळी देऊन सुटली.
जुन्या ब्लाउजवर नवं कापड ठेवून बेतावं
तसं चित्रावर चित्र ठेवते,
जुळत नाही तिथे रेघ.

उपग्रहाला हिरवं लाल दिसतं, पाणी काळं.
एक चौकोन म्हणजे तीस मीटर.
त्यात माणूस मावत नाही.
म्हणजे मावतो; दिसत नाही.

घस्सानने मला दीड चौकोन दाखवला,
जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून घेऊन.
"हे आमचं. एकशेदहा खजूर होते,
चाळीस लढाईत गेले."
बोट स्क्रीनला टेकू दिलं नाही त्याने.
त्याला फक्त तारीख हवी होती.

शहाण्णव साल. शेजाऱ्याचा फोन, तेरा मार्चला:
तुमचे वडील गेले. आणि लाइन तुटली.
मुंधिर म्हणतो, काठ ढासळला तेव्हा म्हातारा आत होता,
तू थोरला, तू त्याला आणायला हवं होतंस.
घस्सान म्हणतो, आपल्या अंथरुणात गेला,
घर नंतर पडलं.
सत्तावीस वर्षं दोघे भाऊ
एका ताटात जेवले नाहीत.

उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवर येतो.
तीन मार्च: घर आहे. बाग लाल.
चार एप्रिल: काळं.
मधे एकोणीस मार्च,
आणि एकोणीस मार्चला
आखातावर धुळीचं वादळ.

तीन रात्री मी ती धूळ सोलली.
एकेक थर, एकेक रंग.
खाली काहीतरी उजळ होतं,
भिंत असेल, नुसती धूळही असेल.
मला हवं होतं तसं ते मला दिसायला लागलं,
तेव्हा मशीन बंद केलं.

"धूळ आहे," मी म्हणाले.
"घुबार," तो म्हणाला, त्याच्या भाषेत,
आणि सुक्या लिंबाचा चहा दोन कपांत ओतला.
हीच धूळ आम्ही दोघं रोज सकाळी
गाडीच्या काचेवरून पुसतो.

मग पुढच्या वर्षाचं चित्र त्यानेच उघडलं.
पलीकडच्या काठाला, म्हणजे दुसऱ्या देशात,
तीन चौकोन नवी जमीन.
त्याच्या पुढच्या वर्षी त्यातला एक
किंचित लाल.
"कोणीतरी लावलंय," तो म्हणाला.
एवढंच.

जाताना तीन मार्चचं चित्र मागितलं, कागदावर.
प्रिंटरमधली गुलाबी शाई संपत आली होती,
मी सांगायच्या आत बटण दाबलं गेलं.
अख्खी बाग पिवळी आली.

मी म्हटलं, थांब, उद्या नीट काढून देते.
त्याने कागद दिव्याखाली धरला.
"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला,
"पिकायच्या आधी, झाडावर,
खजूर याच रंगाचा असतो."
आणि घडी न घालता,
मुंधिरला दाखवतो म्हणून,
दोन्ही हातांनी धरून घेऊन गेला.