पंचवीस सह्या

अर्ज सात नंबरच्या मशीनवर पडून आहे
मंगळवारपासून.
सात बंद आहे, कोणाचं तरी नाणं अडकलंय आत.
चालू मशीनवर ठेवला असता तर थरथरत थरथरत
आपला आपणच खाली पडला असता,
माझा प्रश्न मिटला असता.

मी ऐला हार्युला. वय अठ्ठावन्न.
लाँड्री माझी, कर्ज बँकेचं,
पाणी नगरपालिकेचं. मार्चपासून तांबूस.
समोर एवढा तलाव की पलीकडचा काठ दिसत नाही,
आणि नळाला गंज.
लोकांचे पांढरे शर्ट चहातून काढल्यासारखे निघतात
आणि बोलणी मी खाते.

म्हणून गेले होते सभेला.
तीन मिनिटं देतात. माइकशेजारी दिवा असतो,
हिरवा, पिवळा, लाल.
पुरावा म्हणून उशीचा अभ्रा नेला होता,
तो उलगडेपर्यंतच पिवळा लागला.
आमच्या वॉर्डाचे मेंबर मफिनचा कागद सोलत होते
हलक्या हाताने, जखमेवरची पट्टी काढावी तसा.
"नोंद घेतली," म्हणाले.
अभ्रा घडी करून परत आणला.
नोंद कुठे ठेवतात, देव जाणे.

मग सहा नंबरची बस गेली.
म्हणजे खांब आहे, बाक आहे, वेळापत्रकसुद्धा आहे.
मिसेस त्काचुक अजून त्या बाकावर बसतात,
पिशव्या मांडीवर घेऊन,
अर्ध्या वाटेवर दम खायला.
हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी
सगळा ढीग नेमका तिथेच आणून लावते.

तूच उभी राहा ना, असं कोणीतरी म्हणालं.
कोण, ते आठवत नाही. ड्रायर चालू होते.

उभी तर मी तेवीस वर्षं आहेच.
पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा बघा,
पाइपांचा इतका स्पष्ट नकाशा
नगरपालिकेकडेही नसेल.

रेइनो जेवताना म्हणाला, "हरशील."
मग बटाटा सोलता सोलता, बऱ्याच वेळाने,
"आणि जिंकलीस तर?"

हरण्याची भीती मला नव्हतीच.
पण पाइप बदलायचे तर कर वाढणार,
हात वर करणाऱ्यांत मी असणार,
आणि मिसेस त्काचुक माझ्याकडे बघणार
मी त्या मफिनवाल्याकडे बघते तसं.
मी तेव्हा काय सोलत असेन?

पहाटे तीनला उठून बजेट वाचलं.
दोनशे बारा पानं, त्यातली तेरा समजली.
बेरजेतली एक चूक सापडली. केवढा आनंद झाला!
पुन्हा करून पाहिली. चूक माझीच होती.

सह्या पंचवीस लागतात.
चोवीस झाल्या, कपडे सुकेपर्यंत थांबलेल्यांच्या.
एकीने विचारलं, आपला वॉर्ड कुठला?
एका पोराने इतकी वळणदार सही केली
की जणू निवडून तोच येणार आहे.

पंचविसावा लॉइड.
कुंपणावरून सहा वर्षं आम्ही बोलत नाही.
कुत्र्याची गोधडी धुवायला आला होता,
भिंतीवरच्या पाटीला न जुमानता.
चष्मा लावून अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला.
"मत देणार नाही तुला. आत्ताच सांगून ठेवतो."
मी म्हटलं, मागितलंय कोणी?
"पण त्याच्यासमोर कोणीच नाही, हे बरं दिसत नाही."
पेन इतकं दाबलं
की सही मागच्या पानावरही उमटली.
गोधडीचे पैसे मी घेतले. दुपटीने घेतले.

उद्या शुक्रवार. दोनला खिडकी बंद होते.
अनामत शंभर डॉलर,
चेक चालत नाही, आणि गल्ल्यात सगळी चिल्लर.
पाव पाव डॉलरच्या चळती लावत बसले.
तीनशे सत्त्याण्णव.
पुन्हा मोजली.
तीनशे सत्त्याण्णव.

एक तर सातमध्ये आहे.
बाकीची दोन बघू.

अर्ज उचलून खुर्चीवर ठेवला
आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले.