मक्याच्या दाण्यांचा नकाशा

बूझी नदीकाठच्या गावात, आंब्याखाली,
चुलीतल्या राखेने आम्ही नदी ओढली.
घरामागे मक्याचा एक दाणा,
शाळेला बाटलीचं बूच,
आणि चर्च म्हणून
दोना फेलिझार्दाची एक चप्पल.

मला गावातली एकुलती खुर्ची दिली होती.
मांडीवरच्या फॉर्ममध्ये रकाने:
जमिनीची उंची, छपराचा प्रकार,
घरात पोहता येणारे किती.
तिथे सगळे हसले.
"मगरी असतात पुरात," झेफेरिनो म्हणाला,
"पोहता येणारेच आधी उतरले."

मग वाद पेटला, पाणी कुठवर आलं होतं?
कुणी काठीने रेघ ओढली बुचापर्यंत,
कुणी ती टाचेने पुसून पुढे सरकवली.
दोना फेलिझार्दा उठली.
एका पायात चप्पल, एक पाय उघडा,
राखेची नदी ओलांडून, चर्च ओलांडून
चालत गेली
पार माझ्या खुर्चीच्या मागे.
"इथे," म्हणाली,
"सिमाओ मला इथे सापडला."

मी उठून उभा राहिलो.
का, ते कळलं नाही.

तेवढ्यात एक कोंबडी आली
आणि सखलातली अकरा घरं टिपून गेली.
पोरं खिदळली, मग गप्प झाली.
"हाकला तिला," कुणीतरी म्हणालं,
तोवर ती शाळेपाशी पोचली होती,
बुचाला चोच मारून पाहत होती.

झेफेरिनोने मूठ उघडली,
दाणे पुन्हा एकेक मांडले.
मी मोजले. बारा.
"एक जास्त झाला."
"धाकटीचं घर," तो म्हणाला,
"पुढच्या महिन्यात बांधतोय.
माती तिथलीच चांगली."